चिठ्ठ्या उचलणारा ‘शफ’

हाउजीच्या पिशवीत १ ते ९० आकडे असतात. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर ‘शफ -आय १-९०’ एवढंच टाइप केलं, की हे नव्वद आकडे विस्कटून, एकही पुन्हा न येता, ओळीने समोर येतात. पिशवी हलवायला नको, की कुणी डोकावलं म्हणून भांडायला नको!

‘शफ’ हा जीएनयू कोअरयूटिल्स या संचातला छोटा प्रोग्रॅम. त्याच्या लेखी एक ओळ म्हणजे एक चिठ्ठी. सोसायटीतल्या सभासदांची नावं ओळीला एक अशी फाइलमध्ये लिहिली आणि आज्ञेला ‘-एन ३’ जोडलं, की तीन नावं निघतात. नावं मराठीत असली तरी बिघडत नाही. तो ओळी हलवतो, अक्षरं नाही. ‘-आर’ जोडलं तर निघालेली चिठ्ठी परत पिशवीत पडते, फासे टाकल्यासारखी.

ओळी विस्कटण्याचं हेच काम ‘सॉर्ट -आर’ (इथे मोठ्या लिपीतला आर) ही आज्ञाही करते असा समज आहे. तो अर्धाच खरा.

दोन फ्लॅट असलेल्या पाटलांचं नाव यादीत दोनदा असेल, तर ‘सॉर्ट’ ती दोन्ही नावं शेजारीशेजारीच ठेवतो, कारण सारख्या ओळींना तो सारखाच क्रम देतो. ‘शफ’ मात्र त्यांना दोन वेगळ्या चिठ्ठ्या मानतो. सोडतीसाठी तोच बरा.

विस्कटलेली यादी मूळ फाइलमध्येच साठवायची असेल तर ‘-ओ’ वापरा. ‘>’ या चिन्हाने त्याच फाइलकडे वळवलीत, तर ‘शफ’ने वाचण्याआधीच ती रिकामी झालेली असेल.