गाडीत टॅबलेट बसवताय? आधी एवढं ऐका



बचत गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचले की काळ कसा बदलतोय ते आम्हाला कळतं. पूर्वी शिलाई मशीन, घरघंटी, पापडाचं यंत्र यांसाठी अर्ज यायचे. आता लालबागहून मसाल्याची पाकिटं पोचवायला, दादर-परळमध्ये डबे द्यायला, शाळेच्या मुलांची ने-आण करायला गाडी घेणाऱ्या ताई आहेत. काहीजणी टॅक्सी चालवतात. गाडी आली, की दोन-तीन महिन्यांत पुढचा प्रश्न येतो : "करोनात मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब घरात नुसता पडलाय. तो गाडीत पुढे बसवून घेऊ का? मोठ्या पडद्यावर नकाशा दिसेल, ऑर्डर दिसतील, गाणीही लागतील."

प्रश्न रास्त आहे. म्हणून आजच्या गप्पा त्यावरच.

मुंबईत बाईने गाडी चालवून पोट भरणं काही नवीन राहिलेलं नाही. २००७ साली रेवती रॉय यांनी 'फोर्शे' ही बायकांनी चालवायची टॅक्सी सेवा इथे सुरू केली, २०११ साली 'वीरा कॅब्स' आली. गाड्याही बदलल्या. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीच्या डॅशबोर्डवर गणपती, हार आणि फार तर रेडिओ असायचा. आजच्या गाडीत त्याच जागेमागे वायरींचं जाळं आहे, फुगणाऱ्या पिशव्या आहेत, छोटे संगणक आहेत. त्यामुळे जुन्या गाडीत जे 'जोडून टाका हो' म्हणून चालून जायचं, ते आता चालत नाही.

सगळ्यात आधी एक फरक समजून घेऊ. दुकानात 'अँड्रॉइड स्टिरिओ' मिळतो आणि आपल्या घरात टॅबलेट असतो. दोन्ही दिसायला सारखे, पण आतून वेगळे. स्टिरिओ गाडीसाठीच बनवलेला असतो. तो थेट गाडीच्या १२ व्होल्टवर चालतो, स्पीकर वाजवण्याची ताकद त्याच्यात असते आणि टॅबसारखी मोठी लिथियम बॅटरी त्यात नसते. टॅबलेट ५ व्होल्टवर चार्ज होतो, गाडीचे स्पीकर तो थेट वाजवू शकत नाही, आणि त्याच्या पोटात लिथियम बॅटरी असते. ही बॅटरीच आपल्या विषयाचं मूळ आहे.

का, ते सांगतो. टॅबलेट बनवणाऱ्या कंपन्या साधारण ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत तो वापरा, असं सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आतलं तापमान सहज ५० अंशांच्या वर जातं आणि डॅशबोर्ड त्याहूनही तापतो. चाळीत राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणींकडे छपराखालची पार्किंगची जागा आहे? गाडी रस्त्यावर, उन्हातच असते. अशा तापण्याने बॅटरी फुगते. टॅबची मागची बाजू किंवा काच थोडी उचलल्यासारखी दिसली, तर समजा बॅटरी फुगली. तो टॅब चार्ज करायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर अजिबातच नाही. तो इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यायचा.

यावरून आमचा पहिला सल्ला निघतो : टॅबलेट डॅशबोर्डमध्ये कायमचा पुरू नका, काढता-घालता येईल असा बसवा. गाडी उभी केली, की टॅब पिशवीत घालून घरी आणायचा. उन्हापासून वाचतो आणि चोरीपासूनही. काचेतून चमकणारा पडदा दिसला, की काच फोडायला कुणाचा हात शिवशिवेल सांगता येत नाही.

तरीही कुणी म्हणेल, "स्टिरिओ काढून तिथेच फिट बसवला तर छान दिसेल." तर मापं ऐका. गाडीत स्टिरिओसाठी दोन ठरलेली मापं असतात. लहान खाचा १८० बाय ५० मिलिमीटरचा, मोठा १८० बाय १०० मिलिमीटरचा. सात इंची टॅबलेट साधारण २०० मिलिमीटर लांब आणि ११० मिलिमीटर रुंद भरतो. म्हणजे मोठ्या खाच्यातही तो बसत नाही. मग प्लास्टिक कापावं लागतं. कापलेलं प्लास्टिक पुन्हा जुळत नाही, गाडी विकताना किंमत उतरते, आणि मागे हवा खेळत नसल्याने टॅब आणखी तापतो. कायमचंच बसवायचं असेल, तर आपल्या गाडीच्या मॉडेलची तयार फ्रेम मिळणारा स्टिरिओ घेणं शहाणपणाचं.

आता विजेकडे वळू. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते, इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. टॅबला हवेत ५ व्होल्ट. मध्ये दाब कमी करणारा चार्जर लागतोच. सगळ्यात सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे गाडीत सिगारेट लायटरचं जे सॉकेट असतं, त्यात चांगल्या प्रतीचा यूएसबी चार्जर लावणं. त्यावर २ अँपियर किंवा जास्त लिहिलेलं आहे ना, ते बघा. कमी ताकदीच्या चार्जरवर नकाशा चालू असताना टॅब चार्ज होण्याऐवजी उतरतच जातो. या मार्गात एकही वायर कापावी लागत नाही.

वायर ओढायचीच असेल, तर तीन वायरींची भाषा शिका. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या जोडणीत पिवळी वायर बॅटरीची, म्हणजे कायम चालू. लाल वायर चावीची, चावी फिरवली की चालू. काळी अर्थिंगची. पण गाडीच्या कंपनीने आतल्या वायरींना दुसरे रंग दिलेले असू शकतात. म्हणून नुसत्या रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावून तपासायला सांगा. टॅबचा चार्जर चावीच्या वायरीवरच हवा. हिशेब बघा. पडदा चालू असलेला टॅब गाडीच्या बॅटरीतून साधारण १ अँपियर ओढतो, म्हणजे एका दिवस-रात्रीत २४ अँपियर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांच्या आसपास असते. कायमच्या वायरीवर जोडून विसरलात, तर दुसऱ्या दिवशी पहाटे दादरच्या फुलबाजाराचं भाडं असेल आणि गाडी सुरूच होणार नाही.

यापुढची गोष्ट फ्यूजची. घरातल्या फ्यूजचं जे काम, तेच गाडीतल्या फ्यूजचं. वायरमधून जास्त करंट वाहू लागला, की तो स्वतः जळतो आणि वायर वाचवतो. टॅबच्या चार्जरसाठी स्वतंत्र, लहान फ्यूज हवा, आणि जिथून वीज घेतली त्या टोकाजवळ हवा. फ्यूज उडाला तर का उडाला ते शोधायचं. त्याजागी मोठा फ्यूज किंवा चॉकलेटची चांदी लावायची नाही.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. परळच्या एका गटातल्या ताईंनी बँकेचं कर्ज काढून टुरिस्ट टॅक्सी घेतली होती. एका दुकानात त्यांनी टॅब बसवून घेतला. दुकानदाराने कायमच्या वायरीला चिरा पाडून, फ्यूज न घालता जोड दिला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. काही आठवड्यांनी तो जोड आतल्या पत्र्यावर घासून उघडा पडला. भर रस्त्यात डॅशबोर्डमधून जळका वास येऊ लागला. ताईंनी प्रसंगावधान राखून गाडी बाजूला घेतली, प्रवाशांना उतरवलं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण वायरिंग बदलायला गाडी अकरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली. अकरा दिवस कमाई नाही, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. नंतर जोडलेल्या वस्तूची नोंद पॉलिसीत नव्हती, त्यामुळे विम्याकडूनही काही हाती लागलं नाही. शेवटी गटाने अंतर्गत कर्ज देऊन तो हप्ता भागवला. वाचवले होते काय, तर फ्यूजचे आणि कपलरचे थोडेसे पैसे.

कपलर म्हणजे काय? वायर न कापता जोडायची तयार पिन. आपल्या गाडीच्या मॉडेलचा कपलर मागा. वायर कापली, की कंपनी वॉरंटी नाकारू शकते. आणि विमा कंपनीला कळवून नंतर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची नोंद पॉलिसीत करून घेता येते. थोडा जास्त हप्ता पडतो, पण संरक्षण मिळतं.

डॅशबोर्ड उघडला, तर आत पिवळ्या वेष्टनातल्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसतात. ते बहुधा एअरबॅगचे. त्यांना हात लावू द्यायचा नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल, तर नारिंगी वायरी उच्च दाबाच्या, तिथेही तोच नियम. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली. अपघातात ती साधारण सेकंदाच्या तीस हजारांशात, म्हणजे पापणी लवायच्या आत, पूर्ण फुगते. 'एअरबॅग' असं कोरलेल्या जागेवर टॅबचा स्टँड चिकटवला असेल, तर तो टॅब फेकल्यासारखा तोंडावर येईल. वाचवणारी वस्तूच घाव घालेल.

मग बसवायचा कुठे? एसीच्या झरोक्याच्या उंचीला, मधोमध, समोरच्या काचेच्या खाली. आपल्यापैकी बऱ्याच जणींची उंची बेताची. डॅशबोर्डच्या वर टॅब उभा केला, तर त्यामागे रस्ता ओलांडणारं लहान मूल लपून जातं. लालबाग-गिरगावच्या गल्ल्यांत, गणपतीच्या दिवसांत तर हे विसरून चालणारच नाही. जागा ठरली, की सीटवर बसून बघा : समोरचा रस्ता पूर्ण दिसतो का, स्टिअरिंग आणि गिअर मोकळे आहेत का, काचेवर पडद्याचा उजेड पडत नाही ना.

कायदाही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ २०१९ साली कडक झालं. गाडी चालवताना हातात मोबाइलसारखं उपकरण वापरणं हे धोकादायक चालवणं ठरतं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात असं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी, तेही चालकाचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीने वापरायला मुभा आहे. म्हणजे नकाशा चालेल, मालिका नाही. ताशी ४० किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर पडद्यावर गेली, तर गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, बेस्टच्या जवळजवळ दोन बसगाड्यांच्या लांबीएवढी. पत्ता निघण्याआधी घाला, आणि सूचना कानाने ऐका. आवाजासाठी जुना स्टिरिओ ठेवा, टॅब त्याला ब्लूटूथने जोडा.

जुना टॅब कामाचा आहे का, हे खर्च करण्याआधी तपासा. बऱ्याच वायफाय टॅबमध्ये जीपीएस नसतं. इमारतीच्या गच्चीवर जाऊन नकाशा उघडा, आपली जागा नीट दाखवतो का बघा. भाड्याचं किंवा ऑर्डरचं अ‍ॅप त्या जुन्या अँड्रॉइडवर चालतं का, तेही बघा. नकाशा आधी उतरवून ठेवला, तर नेटशिवायही चालतो. तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नका. लालबागच्या उड्डाणपुलावर तुम्ही वर आहात की खाली, हे नकाशाला नेहमी कळत नाही. गिरगाव चौपाटीजवळच्या कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रहाचा संकेत पोचत नाही.

आणि गाडीतल्या टॅबवर बँकेचं अ‍ॅप ठेवू नका. पैसे आपल्या मोबाइलवर घ्या. टॅब सिमकार्डचा असेल, तर त्याचा आयएमईआय क्रमांक गटाच्या वहीत लिहून ठेवा. चोरीला गेला, तर पोलीस तक्रारीनंतर सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तो बंद करता येतो.

सामानासाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आपल्याला जवळचा. चार्जर, फ्यूज, मीटर सगळं तिथे मिळतं. पण बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा. वायर कापणार की कपलर लावणार? वीज चावीच्या वायरीवरून घेणार ना? फ्यूज किती अँपियरचा आणि कुठे? एअरबॅगच्या वायरींपासून दूर राहणार ना? बिलावर बसवण्याचं काम लिहून देणार ना? जो दुकानदार "ताई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणेल, त्याच्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडा.

आमच्या गटांत आता असं ठरलंय, की टॅबसाठी अंतर्गत कर्ज हवं असेल, तर अर्जासोबत या पाच उत्तरांचा कागद आणि दुकानाचं कोटेशन जोडायचं. स्टँड, चार्जर आणि फ्यूज यांना कर्ज मिळतं. डॅशबोर्ड कापायला मिळत नाही. कारण गाडी एकीच्या नावावर असली, तरी हप्ता चुकला की झळ सगळ्या गटाला लागते. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि ज्या ताईंच्या गाडीत टॅब आधीच बसलाय, त्यांच्या गाडीचा फ्यूज त्याच दिवशी सगळ्याजणी मिळून शोधून बघा.