कंदमुळे : ऋषींची आणि कातकऱ्यांची

‘कंदमुळे’ हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकतो तो रामाच्या वनवासाच्या गोष्टीत. ऋषिमुनी कंदमुळे खात, म्हणून आपण त्यांना हात जोडतो. कातकरी तीच खातो, तेव्हा मात्र त्याला मागासलेला म्हणतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरासाठी आम्ही कर्जत तालुक्यातील एका कातकरी वाडीवर गेलो होतो. पाहणीच्या तक्त्यात ‘आहार’ या रकान्यापुढे मीही ‘निकृष्ट, रानटी कंद’ असे लिहून मोकळा झालो. तो शेरा मला दुसऱ्याच दिवशी खोडावा लागला.

हे कंद ‘डायोस्कोरिया’ या वंशातील वेलींचे. पहिल्या शतकातील डायोस्कोरायडीस या ग्रीक वैद्यावरून हे नाव पडले. आपल्या ओळखीचे कोनफळ याच वंशातले. सह्याद्रीच्या रानात कडू करांदा आणि शेंडवेल हे त्याचे भाऊबंद आढळतात. करांद्याचे पान हृदयाच्या आकाराचे असते आणि पानांच्या बगलेत बटाट्यासारखे लहान कंद लोंबतात. शेंडवेलीचे पान हाताच्या पंजासारखे विभागलेले असते. तिच्या फुलोऱ्याचीही भाजी होते.

पावसाळ्यात वेल पानांत अन्न तयार करते व ते जमिनीखाली साठवते. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडतात. कंद भरल्याची ती खूण. पण वेल वाळून तुटली की कंदाचा ठावठिकाणा लागत नाही. म्हणून जागा आधीच हेरून ठेवावी लागते. आमच्याबरोबर आलेल्या आजी एका झुडपापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “हितं खना.” तिथे आम्हाला काहीच दिसत नव्हते. दोघांनी पहारीने कंबरभर खड्डा केला तेव्हा कंद हाती लागला. आजींनी त्याचा वरचा तुकडा कापून पुन्हा खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. “पुढल्या सालाला नको का, पोरा?”

कडू करांदा तसाच खाता येत नाही. त्याच्या पातळ चकत्या करून राख घालून शिजवतात, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवतात. चकती जितकी पातळ तितका कडूपणा लवकर सुटतो, आणि वाहते पाणी तो सोबत नेते. विदर्भाच्या जंगलात मिळणाऱ्या बैचांदीत तर डायोस्कोरीन नावाचे विषच असते. मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. हे विष पाण्यात विरघळते, म्हणून तो कंदही पाण्यात दीर्घकाळ भिजवावा लागतो. आपण ज्याला ‘रानटी खाणे’ म्हणतो, ते मुळात रसायनशास्त्र आहे. १९४० नंतरच्या दशकात रसेल मार्कर या शास्त्रज्ञाने मेक्सिकोतील अशाच रानकंदांतील डायोस्जेनीनपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार केले, तेव्हा जगाने या वेलींची दखल घेतली.

तरीही या जीवनाचे गोडवे गाण्याचा मोह मी टाळतो. “रानातलं खाणं किती चांगलं, आजी!” असे मी म्हणताच त्या हसल्या. “घरात भात असता तं उन्हात कोन खनीत बसला असता?” त्या वाडीतील निम्मी घरे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, म्हणजे नेमकी कंद खणण्याच्या दिवसांत. मग मुलांनी वेल ओळखायला शिकायचे कधी आणि कोणाकडून?

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला आणि त्यात कंदमुळांचा स्पष्ट उल्लेख आहे. हक्क कागदावर आला. परंतु वेल ओळखणारे डोळे कागदावर उतरत नाहीत. ते जपायचे असतील तर आजींच्या मागे रानात जाणारी नातवंडे वाडीतच राहतील, इतकी मजुरी आणि इतका भात त्यांना मिळाला पाहिजे.

तक्त्यातील ‘निकृष्ट’ हा शब्द खोडून तिथे मी कंदांची नावे लिहिली. रकाना अपुरा पडला.