पिठ्या ढेकूण आणि त्याच्यासारखाच दिसणारा त्याचा शत्रू

द्राक्षवेलीच्या सुटलेल्या सालीखाली राहून रस शोषणारा पिठ्या ढेकूण आणि त्याला खाणारा क्रिप्टोलिमस हा परभक्षी (म्हणजे दुसऱ्या किडीवर जगणारा) भुंगेरा यांच्यातील फरक प्रौढावस्थेत सहज कळतो, कारण ढेकणाची मादी मऊ, बिनपंखी व मेणचट पांढऱ्या भुकटीने माखलेली असते, तर भुंगेऱ्याचे पंख कठीण व काळपट आणि डोके नारिंगी असते. खरी फसगत अळीच्या बाबतीत होते. भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे झुपके असल्याने ती ढेकूणच समजून तिच्यावर औषध फवारले जाते. मात्र ती पूर्ण वाढल्यावर सुमारे 3 मिलिमीटरच्या ढेकणापेक्षा कितीतरी मोठी दिसते, झुपके लांब असतात आणि ती झपाझप चालते.

मूळ ऑस्ट्रेलियाचा हा भुंगेरा भारतात 1898 मध्ये आणला गेला, तोही कॉफीवरील खवले किडीसाठी. तो ढेकणांच्या कापसासारख्या अंडीपुंजातच अंडी घालत असल्याने अळीला जन्मतःच खाद्य मिळते. ढेकणांचा चिकट गोड स्राव चाटणाऱ्या मुंग्या मात्र त्याला हुसकावतात, म्हणून भुंगेरे सोडण्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा लागतो.