जुना व्हिडिओ गेम, नवा टीव्ही

माळ्यावर पडून असलेले तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेमचे यंत्र काढून ते आजच्या सपाट टीव्हीला जोडायला गेले की काही ठरावीक अडचणी येतात. कधी पडद्यावर काहीच उमटत नाही. कधी चित्र दिसते, पण कृष्णधवल दिसते. कधी सगळी पात्रे आडवी फुगलेली दिसतात. सगळे ठीक वाटले, तरी बटण दाबल्यावर पात्र उडी मारते ते किंचित उशिरा. आणि यंत्रासोबत खेळण्यातली बंदूक असेल, तर तिचा नेम कधीच लागत नाही. मग 'यंत्र बिघडले' असे म्हणून ते भंगारात जाते. पुष्कळदा त्या यंत्रात कोणताही बिघाड नसतो. या साऱ्या अडचणींचे मूळ एकच आहे, आणि ते समजून घेतले तर दूरचित्रवाणीचे विज्ञानही आपोआप समजते.

चित्र नव्हे, चित्राचे वेळापत्रक

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा लेप असतो. इलेक्ट्रॉनांचा झोत त्यावर जेथे पडतो तेथे प्रकाश उमटतो. आपण वहीत लिहितो तसाच हा झोत फिरतो : डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग झटकन पुन्हा डावीकडे आणि थोडे खाली. पान संपले की पुन्हा वरच्या कोपऱ्यात. जपान-अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत ५२५ ओळींची सुमारे ३० चित्रे दर सेकंदाला काढली जात. भारतातल्या पाल पद्धतीत ६२५ ओळींची २५. दोन्हींत एका ओळीला सुमारे ६४ मायक्रोसेकंद लागतात.

आता वायरमधून काय येते ते पाहू. येतो तो सतत बदलणारा विद्युतदाब. या क्षणी झोत किती तीव्र ठेवायचा, एवढेच तो सांगतो. ओळ संपली की एक छोटा स्पंद येतो, पान संपले की स्पंदांची मोठी खूण. 'हा बिंदू अमुक जागेवर काढ' असे त्यात कोठेही लिहिलेले नसते. बिंदूची जागा ठरते ती तो कोणत्या वेळी आला त्यावरून. म्हणजे वायरमधून चित्र येत नाही, चित्राचे वेळापत्रक येते.

१२८ बाइटांत मावलेला खेळ

जुन्या यंत्रांच्या रचनाकारांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. १९७७ साली अमेरिकेत आलेले अटारी २६०० हे यंत्र घ्या. त्याचे चित्र सर्वसाधारणपणे १६० बिंदू रुंद आणि १९२ ओळी उंच, म्हणजे ३०,७२० बिंदूंचे असे. प्रत्येक बिंदूला केवळ 'उजेड की अंधार' एवढी एक बिट दिली, तरी पूर्ण चित्र साठवायला ३,८४० बाइट लागतील. या यंत्राची स्मृती होती १२८ बाइट!

मग चित्र कोठे ठेवलेले असे? कोठेच नाही. झोत एक ओळ काढत असताना यंत्राचा प्रोसेसर त्या ओळीतले रंग आणि आकार ऐन वेळी ठरवत असे. त्याच्या घड्याळाचा वेग १.१९ मेगाहर्ट्झ. म्हणजे एका ओळीत त्याला ७६ ठोके मिळत, आणि एकेका आज्ञेला किमान दोन ठोके लागत. तेवढ्यात काम उरकले नाही, तर झोत पुढे निघून जाई. पूर्ण चित्र असे फक्त पडद्यावर आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होई.

१९८३ साली जपानमध्ये आलेले निन्टेन्डो कंपनीचे फॅमिली कॉम्प्युटर हे यंत्र पुष्कळ प्रगत होते. १९९०च्या दशकात आपल्याकडच्या बाजारात विकल्या गेलेल्या अनेक 'टीव्ही व्हिडिओ गेम' संचांत याच यंत्राची नक्कल असे. त्याचे चित्र २५६ बाय २४० बिंदूंचे. चित्र काढण्यासाठी त्यात वेगळी चिप होती. पण तीही संपूर्ण चित्र साठवत नसे. आठ बाय आठ बिंदूंच्या ठोकळ्यांवरून ती ओळीमागून ओळ रचत जाई.

अर्ध्या ओळीची करामत

टीव्हीच्या ५२५ ओळी एका दमात काढल्या जात नसत. आधी एक आड एक ओळी, मग त्यांच्या फटींतल्या ओळी. म्हणजे एका अर्ध्या चित्राला २६२.५ ओळी. ही शेवटची अर्धी ओळ फार महत्त्वाची. तिच्यामुळेच दुसरे अर्धे चित्र पहिल्याच्या फटींत नेमके बसते.

गेमच्या यंत्रांनी ही अर्धी ओळ काढून टाकली. ती दर वेळी पूर्ण २६२ ओळी पाठवत. त्यामुळे प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या जागीच पडे. फटी काळ्याच राहत, पण चित्र स्थिर दिसे आणि सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलता येई. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला यात काहीच वावगे वाटत नसे. तो स्पंद आला की नवे पान सुरू करी, इतकेच.

नवा टीव्ही काय करतो?

एलसीडी किंवा ओलेड टीव्हीत झोत नाही. ठरावीक बिंदूंची जाळी आहे. १०८० ओळींच्या टीव्हीत १९२० बाय १०८० बिंदू असतात. आलेले वेळापत्रक मोजून, अंकांत रूपांतर करून, स्मृतीत पूर्ण चित्र जमवून मगच तो ते दाखवतो. अडचणी येथे सुरू होतात.

पहिली अडचण ओळींची. अनेक टीव्ही समजून चालतात की आलेले चित्र अर्धे आहे, आणि लागोपाठची दोन चित्रे एकमेकांत विणतात. वास्तविक ती दोन वेगवेगळ्या क्षणांची पूर्ण चित्रे असतात. त्यामुळे धावत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. मार बसल्यावर लुकलुकणारा नायक तर कधी अर्धा दिसतो, कधी नाहीसाच होतो.

दुसरी अडचण भागाकाराची. १०८० ला २४० ने भागले की ४.५ येतात. एका ओळीच्या साडेचार ओळी कशा करणार? मग काही ओळी जाड होतात किंवा सगळेच पुसट होते. ७२० आणि २१६० या संख्यांना मात्र २४० ने पूर्ण भाग जातो.

तिसरी अडचण आकाराची. जुना पडदा ४:३ प्रमाणाचा, नवा १६:९ चा. चित्र कडेपर्यंत ताणले, तर ते एक तृतीयांशाने रुंद होते.

चौथी अडचण उशिराची. एक पूर्ण चित्र जमवायलाच सुमारे १७ मिलिसेकंद लागतात. त्यानंतर सफाईचे संस्कार होतात. दोन-तीन चित्रांइतका उशीर सहज होतो. बातम्या पाहताना तो जाणवत नाही. खड्ड्यावरून उडी मारताना जाणवतो.

बंदुकीचा नेम का चुकतो?

'डक हंट' या १९८४ सालच्या खेळात बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट बंदूकच पडद्याकडे पाहते. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा घटक असतो. चाप ओढताच यंत्र एका चित्रापुरता पडदा काळा करते आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदके असतील, तर दोन चौकोन एकापाठोपाठच्या चित्रांत येतात. उजेड कोणत्या चित्रात दिसला त्यावरून बदक ओळखले जाते. कोणी लबाडीने बंदूक दिव्याकडे रोखली, तर अंधार दिसत नाही आणि लबाडी पकडली जाते.

नव्या टीव्हीवर चौकोन उशिरा उमटतो. तोवर यंत्राने पाहणे थांबवलेले असते. शिवाय झोताच्या ओळींच्या तालाने लखलखणारा प्रकाश ओळखण्यासाठीच बंदुकीतला परिपथ बनवलेला असतो. एलसीडीच्या स्थिर प्रकाशात तो ताल नाही. म्हणून केवळ योग्य वायर जोडून ही बंदूक चालत नाही.

जोडताना काय पाहावे?

आधी यंत्राचा अ‍ॅडॉप्टर तपासावा. दाब आणि टोकांची धन-ऋण बाजू यंत्रावर लिहिल्याप्रमाणेच हवी. काहींना एसी अ‍ॅडॉप्टर लागतो.

पिवळी वायर चित्राची, पांढरी व लाल आवाजाची. टीव्हीला अशा जागा नसतील, तर एव्हीचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करणारी डबी मिळते. उलट रूपांतर करणारी डबीही अगदी तशीच दिसते, म्हणून घेताना दिशा पाहावी. यंत्राला फक्त अँटेनाची वायर असेल आणि टीव्ही ती ओळखत नसेल, तर चालू स्थितीतला जुना व्हीसीआर मध्ये जोडावा; तो लहरींतून चित्र-आवाज वेगळे करून देतो. चित्र कृष्णधवल आले, तर टीव्हीच्या यादीतून पाल किंवा एनटीएससी निवडून पाहावे. चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे आणि 'गेम मोड' लावावा; त्याने सफाईचे बरेचसे संस्कार टळतात.

याहून चांगला उपाय म्हणजे 'ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर' सारखी उपकरणे. ती पूर्ण चित्र जमवत नाहीत. प्रत्येक ओळ आली की तीच दोन, तीन किंवा अधिक वेळा पुढे पाठवतात. उशीर होतो तो काही ओळींचाच. मात्र या उपकरणाला रंगांच्या वेगवेगळ्या वायरी लागतात, एकटी पिवळी वायर चालत नाही.

घरात किंवा शाळेत पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही असेल, तर तो टाकून देऊ नये. अशा यंत्राचा तो अर्धा भागच आहे. त्याची पाठ मात्र विद्यार्थ्यांना कधीही उघडू देऊ नये; बंद केल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब टिकून राहू शकतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

आमची सूचना अशी, की वरची आकडेमोड मुलांकडून करून घ्यावी. १.१९ मेगाहर्ट्झ आणि ६४ मायक्रोसेकंद यांवरून ७६ ठोके मिळतात का? ६० हर्ट्झचा खेळ ५० हर्ट्झच्या पद्धतीवर तसाच चालवला, तर तो किती टक्के हळू होईल? १९९१ सालचा 'सॉनिक द हेजहॉग' युरोपातल्या यंत्रांवर असाच मंद धावत असे. शेवटी एक प्रश्न विचारावा : झोत नसलेल्या पडद्यावर चालणारी बंदूक कशी बनवाल? निन्टेन्डोने २००६ सालच्या वी यंत्रात टीव्हीजवळ अवरक्त दिव्यांची एक पट्टी ठेवली आणि हातातल्या यंत्रात ते दिवे पाहणारा कॅमेरा बसवला. पडदा कोणत्या प्रकारचा आहे याच्याशी मग काही संबंधच उरला नाही. हे उत्तर सांगण्याआधी मुलांना विचार करायला एक आठवडा द्यावा.