पंजाएवढी जमीन

बैलगाडीचे चाक तयार झाले म्हणजे लोहार त्यावर लोखंडी धाव चढवीत असे. चाकाच्या परिघापेक्षा ती किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, तापून पसरली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतून आवळून घ्यायची, हे काम ज्यांनी बालपणी पाहिले आहे, त्यांना चाक आणि रस्ता यांच्यातला सारा व्यवहार त्या अरुंद पट्टीवर कसा चालतो हे निराळे सांगावे लागत नाही. मोटारीची धाव रबराची असते आणि तिच्या पोटात हवा कोंडलेली असते. व्यवहार मात्र तितक्याच तुटपुंज्या जागेवर होतो. माणसांसह १,८०० किलो भरणाऱ्या गाडीच्या प्रत्येक चाकावर सुमारे ४५० किलोंचा भार येतो, टायरात ३३ पौंड हवा असली तर तेवढा भार पेलण्यास २०० चौरस सेंटिमीटरांच्या आतबाहेर जागा पुरते, आणि एवढी जागा म्हणजे प्रौढ माणसाचा बोटे पसरलेला पंजा. अशा चार पंजांच्या भरवशावर आपण वृद्ध आईला आणि झोपलेल्या मुलांना घेऊन घाट उतरतो. त्या पंजात रबर किती असावे आणि पोकळी किती असावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या घरी तो गेल्या वैशाखात निघाला. टायरच्या खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात आणि झिजत झिजत रबर त्यांच्या पातळीला आले की टायर बाद समजायचा असतो. आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरांनी ती मर्यादा गाठली होती. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावाचा अखेरचा चार किलोमीटर रस्ता मुरमाचा आणि जांभ्या दगडाचा आहे, सबब या खेपेस बाजारात ज्यांना ‘एटी’, म्हणजे ऑल टेरेन, म्हणतात ते रुंद खाचांचे आणि उंच ठोकळ्यांचे टायर घ्यावेत, असा मुलाचा आग्रह होता. आग्रहात तथ्य नव्हते असे नाही. परंतु आठ वर्षांपूर्वी, आधीच्या गाडीला अगदी तसलेच टायर असताना, जुलै महिन्यात कुंभार्ली घाट उतरतानाचा एक प्रसंग माझ्या मनातून गेलेला नाही. वळणापलीकडे झाडाची फांदी आडवी पडल्याने पुढची मालमोटार थांबली होती. माझा वेग बेताचा होता, ब्रेक मी वेळेवर दाबला होता, तरीही ओल्या डांबरावर गाडी माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे सरकत गेली आणि त्या मालमोटारीच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या आसनावर आई होती. ती काही बोलली नाही, फक्त तिचा हात पुढच्या आसनाच्या पाठीवर घट्ट रुतलेला मला आरशात दिसला.

त्यानंतर मी या विषयाकडे कुतूहलाने नव्हे, काळजीने पाहू लागलो. गाडीची एक वही मी ठेवतो. इंधनाचा जमाखर्च आणि प्रवासाचा तपशील तीत असतो. त्या वहीप्रमाणे वर्षाकाठी गाडी सुमारे १२,००० किलोमीटर चालते. गावच्या खेपा सात. कच्च्या रस्त्याचे जातायेता आठ किलोमीटर धरले तर छप्पन्न होतात. गडकोटांच्या पायथ्यापर्यंत नेणाऱ्या वाटा त्यांत मिळवल्या तरी फार तर शंभर. शेकडा एकही नाही. उरलेले सर्व अंतर डांबरावर किंवा सिमेंटवर, आणि त्यातला तिसरा हिस्सा तरी पावसाळ्यात. टायर घेण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने ही बेरीज कागदावर मांडावी असे मला मनापासून वाटते, कारण खडतर दिवस स्मरणात ठळक राहतो आणि ओल्या रस्त्यावरचे निर्विघ्न शेकडो दिवस स्मरणातून पुसले जातात; त्या ठळक आठवणीच्या सांगण्यावरून खरेदी केली की ती चुकण्याचा संभव फार.

एटी टायर जन्मले ते मालवाहू पिकअप गाड्यांसाठी. अमेरिकेत बीएफगुडरिच कंपनीने १९७६ साली रेडियल बांधणीचा ऑल टेरेन टायर बाजारात आणला, आणि अर्धा दिवस शेतात किंवा माळरानावर, अर्धा दिवस महामार्गावर चालणाऱ्या गाडीची गरज त्याने उत्तम भागवली. चिखलात किंवा सैल मातीत पकड मिळते ती यांत्रिक स्वरूपाची: ठोकळ्यांच्या कडा मातीत रुततात, मातीला मागे रेटतात, आणि खाचांत भरलेली माती चाक फिरता फिरता बाहेर फेकली जाते. तेथे पोकळी जितकी मोठी तितके बरे. डांबरावर मात्र न्याय उलटा आहे. डांबरातल्या खडीच्या कणांवर रबर दबून बसते, त्यांच्या सूक्ष्म खाचखळग्यांना बिलगते, आणि या बिलगण्यातून पकड निर्माण होते; म्हणून पंजाएवढ्या त्या जमिनीवर रबर जितके अधिक टेकेल आणि जितके मऊ असेल तितके हितकर. एटी टायरात पोकळी जास्त, तेव्हा टेकणारे रबर कमी; शिवाय अणकुचीदार दगडांनी टवके उडू नयेत म्हणून ते बहुधा अधिक कठीण घडणीचे असते. ठोकळे उंच असल्यामुळे ब्रेक लागताच ते किंचित वाकतात, आणि कडेवर उभा राहिलेला ठोकळा पूर्ण टेकत नाही. ओल्या डांबरावर थांबण्यास या टायरांना सामान्यतः अधिक अंतर लागते त्याचे इंगित हे आहे.

अधिक म्हणजे किती, याचा हिशेब शालेय पदार्थविज्ञानाने करता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन गाड्या घ्या; ओल्या रस्त्यावर एकीचा घर्षणगुणांक ०.६ आणि दुसरीचा ०.५ माना. कागदावर फरक क्षुल्लक दिसतो. ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी ४२ मीटरांत थांबते, दुसरीस ५० मीटर लागतात. परंतु या आठ मीटरांत दडलेली गोष्ट निराळीच आहे: ज्या जागी पहिली गाडी पूर्ण थांबली, त्याच जागेवरून दुसरी अद्याप ताशी सुमारे ३३ किलोमीटरांच्या वेगाने पुढे जात असते. वेगाचा वर्ग या हिशेबात शिरतो, त्यामुळे अखेरच्या काही मीटरांतच वेगाचा मोठा भाग उतरत असतो. हे आकडे कोणा विशिष्ट टायरचे नव्हेत, केवळ गणिताचे आहेत. तथापि कुंभार्ली घाटातली ती वीत मला या गणितानंतर अधिक स्पष्ट समजली.

येथे एटी टायरांच्या बाजूचे एक म्हणणे न्यायबुद्धीने नोंदवले पाहिजे. रस्त्यावर पाण्याचा नुसता पापुद्रा नसून तळे साचले असेल, तर रुंद आणि खोल खाचा त्या पाण्याला झपाट्याने वाट करून देतात, आणि टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा धोका त्या मानाने लांबतो. नासा संस्थेच्या संशोधकांनी १९६३ साली विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून या तरंगण्याचा नियम प्रसिद्ध केला. टायर ज्या वेगाला तरंगू लागतो तो वेग टायरातल्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. ३३ पौंड हवेस तो ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो आणि हवा २५ पौंडांवर उतरलेली असेल तर सुमारे ८३ किलोमीटर. गुळगुळीत, ज्याला आपण ‘गोटा झालेला’ म्हणतो, अशा टायरला हा नियम विशेष लागू पडतो. म्हणजे झिजलेला साधा टायर आणि नवा एटी टायर यांत साचलेल्या पाण्यात एटी सरस ठरेल. पण हा साध्या टायरचा दोष नसून तो वेळेवर न बदलण्याचा आणि महिनोन्‌महिने हवा न तपासण्याचा दोष आहे.

आता चिखलाकडे वळू, कारण तेथे तरी एटी टायर निःसंशय उपयोगी पडावेत अशी समजूत असते. कोकणातला मुरूम, सह्याद्रीच्या पायथ्याची खडी, सुट्या दगडांचा चढ, येथे ती समजूत खरी आहे. शेवाळ धरलेल्या जांभ्यावर मात्र कोणतीच नक्षी फारशी कामास येत नाही. आणि मराठवाडा-विदर्भातली काळी रेगूर माती हा तर स्वतंत्र अध्याय आहे. पाणी शोषून फुगणारी ही चिकण माती पहिल्या पावसानंतर चाकाला अशी लपेटते की चार-दोन फेऱ्यांत खाचा बुजून सौम्य जातीचा एटी टायर मातीचा गुळगुळीत लोळा होऊन बसतो. पाणंद रस्त्यावर बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत गाडी एकदा उतरली की ती चाकोरी नेईल तिकडे जाते. अशा मातीसाठी ‘एमटी’, म्हणजे केवळ चिखलाचे, टायर असतात. त्यांचा डांबरावरचा घोष आणि ओल्या रस्त्यावरची पकड पाहता कुटुंबाच्या गाडीस ते घालू नयेत असे मी निक्षून सांगेन.

कराडजवळच्या नाक्यावर बसणाऱ्या एका वृद्ध टायरवाल्यांना मी एकदा सल्ला विचारला होता. हातातली टॉमी खाली ठेवून ते म्हणाले, “साहेब, चिखलात रुतलात तर कोणाचा तरी ट्रॅक्टर येतो. घाटात गाडी थांबली नाही तर मग कोण येणार?”

आमच्या रस्त्यांवर टायरांचा खरा घात करतात ते खड्डे, आणि खड्ड्यांपासून टायर वाचतो तो नक्षीमुळे नव्हे, तर बाजूच्या भिंतीच्या उंचीमुळे. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये ती भिंत चिमटली गेली की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगवटा येतो. टायरवर ‘२३५/६५ आर १७’ असे लिहिलेले असते त्यातील २३५ ही मिलिमीटरांतली रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा पासष्ट, आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. एकाच गाडीला कंपनीने पुष्कळदा १६, १७ आणि १८ इंची अशी रिम मान्य केलेली असतात. शोभेसाठी मोठे रिम घेणारा मनुष्य भिंतीची उंची गमावतो. खडबडीत रस्त्याची चिंता असलेल्या कुटुंबाने लहान रिम आणि उंच भिंत पत्करली, तर निम्मी चिंता नक्षी न बदलता मिटते. मात्र व्यास मूळचाच राहिला पाहिजे. २३५/६५ ऐवजी २४५/७० घातला तर चाकाचा व्यास शेकडा पाचांनी वाढतो, काटा १०० दाखवीत असताना गाडी १०५ ने धावते, वळताना टायर आतल्या पत्र्याला घासू शकतो, आणि ब्रेकवरचा भारही वाढतो.

तरीही ज्यांना एटी खरोखर हवेत अशी माणसे आहेत: रोज पाणंदीने शेतावर जाणारा बागायतदार, धरणाच्या किंवा पवनचक्क्यांच्या कामावर खडीतून फिरणारा अभियंता, वाड्यावस्त्यांवर जाणारा डॉक्टर. त्यांच्या वहीतला कच्चा रस्ता शेकडा वीस-तीस भरत असेल, आणि कापाकापीस तोंड देणारी जाड भिंत व खांदा हा त्यांच्यासाठी मोठा आधार आहे. त्यांनी सौम्य जातीचा एटी निवडावा. दुकानात टायर उभा करून पाहावा: मधोमध रबराची जवळजवळ सलग पट्टी असावी, ठोकळे एकमेकांत गुंतलेले असावेत, आणि प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असाव्यात, कारण ओल्या डांबरावरचा पाण्याचा पापुद्रा कापण्याचे काम त्या चिरा करतात. भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. १०४ हा अंक चाकामागे ९०० किलो दर्शवतो, १०० हा ८००. पुढचे अक्षर वेगाचे: क्यू म्हणजे १६०, एस १८०, एच २१०. आकाराच्या आरंभी ‘एलटी’ ही अक्षरे असतील तर तो टायर मालवाहू बांधणीचा आहे, त्यास हवा अधिक लागते, आणि रिकाम्या कौटुंबिक गाडीत तो पाठीला जाणवतो. ‘एम+एस’ (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे म्हणजे केवळ उत्पादकाचे स्वतःचे प्रतिपादन असते. तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह मात्र बर्फावरील परीक्षेनंतरच मिळते, पण त्याची गरज हिमालयात जाणाऱ्यांना. भिंतीवर अंडाकृतीत चार आकडे असतात, २२२४ म्हणजे २०२४ च्या २२ व्या आठवड्यातले उत्पादन. ती खातरजमा केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चारही चाकांना गती देणाऱ्या गाडीत पाचही टायर एका जातीचे घ्यावेत, कारण स्टेपनीचा परीघ निराळा पडला तर गतिवाटपाच्या यंत्रणेवर ताण येतो.

घरी आल्यावर खर्च संपत नाही. एटी टायर वजनाला जड, त्यामुळे इंधन थोडे अधिक लागते. ठोकळे असमान झिजू लागले की सुरुवातीचा मंद गुंजारव सततच्या घरघरीत बदलतो, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरांनी चाकांची अदलाबदल चुकवू नये. समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर, जेथे ताशी १२० पर्यंत मुभा आहे, जाड ठोकळे अधिक तापतात. कमी हवेने ती उष्णता आणखी वाढते.

आणि एक विनंती. एटी टायर घातले म्हणून समुद्रकिनाऱ्यावर गाडी उतरवू नये. भरतीच्या ओल्या वाळूत रुतलेली गाडी कोणत्याही नक्षीने निघत नाही, हे कोकणात दर मोसमात दिसते; आणि वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. त्या वाळूवर चाक फिरता कामा नये.

आम्ही अखेरीस साधे, महामार्गाचे टायर घेतले. रिम एक इंच लहान, भिंत उंच, चिरा दाट. मुलाने वहीतली बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली आणि मग तोच दुकानात चार आकडे वाचायला पुढे झाला. आषाढात गावी गेलो तेव्हा गाडी सड्यावर, देवळाच्या पटांगणात उभी केली, कारण तेथून पुढचा उतार आणि खालचा पऱ्या पावसात कोणत्याच चाकाच्या हवाली करावा असा नाही. आईला खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांनी पलीकडे नेले. आम्ही पिशव्या डोक्यावर घेऊन, चपला हातात धरून, गुडघाभर पाण्यातून तिच्यामागे चालत गेलो.