मंगनी झालेली मुलगी, मामेभाऊ आणि एक व्हिडिओ

ठरलेले लग्न मोडण्याची जुनी कारणे आपल्याला पाठ आहेत. जहेज, मानपान, मुलाच्या नोकरीबद्दल सांगितलेले खोटे. आता त्यात नाचाची भर पडली आहे. माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलीची मंगनी झाली होती. भावाच्या हळदीत ती मामेभावाचा हात धरून एका गाण्यावर नाचली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपून स्टेटसला ठेवले. रात्रीच मंगेतराचा फोन आला, सकाळी त्याच्या अम्मीचा : ‘असली मुलगी आम्हाला नको.’

मामेभाऊ नामहरम आहे, त्याच्याशी निकाह होऊ शकतो. त्यामुळे असे नाचणे आपल्या दीनमध्ये बसत नाही, यात मला पळवाट काढायची नाही. ‘अगं, भाऊच तर आहे’ म्हणत ते खपवणारे बहुतेक वेळा घरातले मोठेच असतात. पण मंगेतर तरी कोण? निकाह होईपर्यंत तोही नामहरमच. मंगनी हे वचन आहे, नवऱ्याचे हक्क त्याने मिळत नाहीत. जाब विचारायचाच तर तो तिच्या अम्मी-अब्बांनी.

शिवाय हाच मुलगा मित्राच्या वरातीत त्याच्या मेहुण्यांबरोबर नाचला होता. त्यावर त्याच्या अम्मीचे म्हणणे, ‘लडका है, खुशी में नाच लिया.’ सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. स्त्रियांना तो पुढच्या आयतीत आहे. हा क्रम आपण मुलांना सांगतच नाही.

शेवटी मुलीचे अब्बा स्वतः त्यांच्या घरी गेले. म्हणाले, ‘जोड्या आम्ही मोठ्यांनी लावल्या, तिला का बोलता?’ रिश्ता टिकला. मुलगी मात्र अजून मंगेतराचा फोन उचलताना दचकते.

खुशी साजरीच करू नये, असे कुणी म्हणत नाही. बुखारी शरीफमध्ये आहे, हजरत आएशा (रजि.) यांनी एका वधूची अन्सारी वराकडे पाठवणी केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की सोबत काही करमणूक नव्हती का, अन्सारांना ती आवडते. आपल्या नानी-दादीही रतजग्याला ढोलकी घेऊन बसत. खोलीत फक्त बायका, दाराला पडदा. एरवी कडक चेहऱ्याची नानी कमरेला दुपट्टा बांधून अशी गिरकी घ्यायची की तरुण सुना हसून हसून बेजार. सकाळी ती पुन्हा नाश्त्यावरून सगळ्यांना रागे भरायला मोकळी! ते कुणाच्या स्टेटसवर गेले नाही. आता हॉल असतो, डीजे असतो, आठ दिवस आधीपासून जोड्यांचे नाच बसवतात. मुलीला यात नाचायचे आहे का, हे कुणी विचारत नाही. नाही म्हटले तर ती ‘नखरेवाली’.

हे बोलणे मंगनीच्या बैठकीतच झाले पाहिजे. जेवण किती माणसांचे, मेहर किती, हे आपण तिथे ठरवतो. मग समारंभ एकत्र की वेगळे, नाच होणार की नाही, मोबाइल बाहेर ठेवायचे का, हेही तिथेच ठरवावे. जी हद्द सुनेला, तीच जावयाला. लग्नानंतर ऑफिसच्या पार्टीत नवरा कुणाबरोबर नाचतो, हा प्रश्नही मग बायकोला बिनधास्त विचारता येईल.

आणि तो व्हिडिओ ठेवणारा? सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत संशय घेण्याला, दुसऱ्याचे दोष हुडकण्याला मनाई आहे. त्या घरातल्या सगळ्या भांडणात त्याला मात्र कुणीही काही विचारले नाही.