धावणारा गेला, रस्ता इथेच आहे

आर्द्राचा पाऊस लागला म्हणजे आमच्या मालवणाकडचा शहाणा माणूस एकतर लावणीला जातो, नाहीतर पडवीत बसून गरम पेज पितो. नेमक्या अशाच दिवसांत, २०२५ च्या जूनअखेर, एक मराठी गृहस्थ मुंबईहून गोव्याला निघाले. मोटारीने नव्हे, आगगाडीनेही नव्हे. रोज ९० किलोमीटर सायकल आणि वर २१ किलोमीटर धाव, असे सलग पाच दिवस! एकूण ५५८ किलोमीटर. जुन्या हिशेबाने सुमारे साडेतीनशे मैल. गृहस्थांचे नाव मिलिंद सोमण आणि वय त्या वेळी ५९. हेतू एवढाच, की लोकांनी अंग हलवावे आणि प्रकृती सांभाळावी.

मुंबई-गोवा महामार्ग आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात खारेपाटणला शिरतो आणि कणकवली, ओरोस, कुडाळ करीत बांद्यापलीकडे गोव्यात उतरतो. मालवण त्या रस्त्यावर नाही. त्यासाठी कसालला समुद्राकडे वळावे लागते. पण बातमीला वळण आड येत नाही. ती मासळीबाजारात पोचली, आणि बांगड्यांचा भाव ठरता ठरता तिचा निकालही लागला. "ह्या काय आपल्याक जमूचा नाय," एकजण म्हणाला. सर्वांनी माना डोलावल्या आणि आपापल्या स्कूटरला किक मारून मंडळी घरी गेली. कोणाचे घर फर्लांगावर, तर कोणाचे दोन.

वास्तविक कोकणी माणसाला पायांचे महत्त्व बाहेरच्याने येऊन सांगावे अशी स्थिती कधी नव्हती. आगबोटीच्या काळात बंदर गाठायचे तर डोक्यावर बोजा घेऊन पायीच यावे लागे. मुंबईची मनिऑर्डर घेऊन पोस्टमन वाडी-वाडी हिंडे. त्याला कोणी 'खेळाडू' म्हटले नाही. पण त्याच्या पायपिटीची किंमत विज्ञानाने पुढे मोजली. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरील नोकरांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. गाडी एकच, परंतु दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर सौम्य! पोस्टखात्यातही हेच दिसले. टपाल वाटत फिरणारे शिपाई टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुखरूप होते.

आज आपण सगळेच ड्रायव्हरच्या जागेवर बसलो आहोत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे, आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आमच्या घरीही तपासणीचा एक कागद आला. तो माझ्या नव्हे, सौ.च्या नावाचा होता. मी चकित झालो. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत जी बाई बूड टेकत नाही, तिच्या रक्तात साखर वाढावी? डॉक्टर हसून म्हणाले, "त्या दिवसभर दमतात, पण त्यांना दम लागत नाही. दोन्हींत फरक आहे."

तो फरक असा. ओट्याशी तासन् तास उभे राहिले की कंबर धरते, पण पायांच्या मोठ्या स्नायूंना पुरेसे काम मिळत नाही. झपाझप चालू लागले की हे स्नायू रक्तातली साखर ओढून घेऊ लागतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची मिनतवारी करावी लागत नाही. शिवाय चालणे संपल्यावरही काही तास, कधी दीड-दोन दिवस, इन्सुलिनचा हुकूम शरीर अधिक चांगला मानते. मग तो गुण ओसरतो. म्हणून एका रविवारचा पराक्रम उपयोगी पडत नाही. पाऊल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उचलावेच लागते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. चाल अशी हवी, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये.

आता खरी अडचण सांगतो. हा सल्ला ऐकून सौ. म्हणाली, "माका येळ खंय गावता? आणि लोक काय म्हणतले?" या दोन प्रश्नांपुढे ५५८ किलोमीटर सोपे वाटावेत! २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतात १०० पुरुषांपैकी ४२ जणांची हालचाल अपुरी आहे. बायकांत हाच आकडा ५७. आमच्या जिल्ह्यात तर २०११ च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला आणि घर, शेत, म्हातारी माणसे बाईच्या गळ्यात, ही इथली जुनी रीत. तिने वेळ आणायचा कोठून?

'लोक काय म्हणतील' याला उत्तर सोमणांच्याच घरात आहे. २०१६ साली त्यांच्या मातोश्री उषाताई, वयाची पंचाहत्तरी ओलांडलेल्या, नेसत्या साडीनिशी अनवाणी मुलाबरोबर धावल्या. पण वेळेचे उत्तर बाहेरचा कोणी देऊ शकत नाही. ते घरच्यांनीच द्यायचे असते. आमच्याकडे सकाळचा चहा आणि नातवाचा डबा मी पत्करला. पोळी अजून नकाशासारखी होते. मात्र तेवढ्या वेळात सौ. आणि शेजारच्या काकी दांडीच्या किनाऱ्याने मोरयाच्या धोंड्यापर्यंत जाऊन येतात. पहिले आठ दिवस शेजारच्या खिडक्या उघडल्या. नवव्या दिवशी त्यांतल्याच एका खिडकीतून आणखी एक बाई बाहेर पडली. तिमाही तपासणीत साखर थोडी उतरली. गोळ्या बंद झाल्या नाहीत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी त्या बंद करूही नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी आधी सल्ला घ्यावा. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये, रोज तळपाय पाहावेत.

सोमण पाच दिवसांत पुढे गेले. त्यांच्यासारखे १११ किलोमीटर आपल्याला जमणार नाहीत, हा बाजारातला निकाल मला मान्य आहे. पण आपल्या वाट्याचेही आठवड्याला पाचच दिवस आहेत. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले, की चकली उचलण्यापूर्वी ती तळणारीला एवढेच विचारा: "उद्या सकाळी तू फिरायला जातेस? तोवर गॅसपाशी मी थांबतो."